समुद्रकिनारी सुट्टीचे घर : घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

बडोद्याला समुद्र नाही. गायकवाडी राज्याला मात्र तो होता. ओखामंडल आणि कोडीनार हे मुलूख सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होते, नवसारी प्रांतात बिलिमोरा होते, आणि १९२६ साली जे ओखा बंदर सुरू झाले तेही बडोदे संस्थानाचेच. परंतु रावपुरा, दांडियाबाजार, बाबाजीपुरा येथील वाडे सोडून जी आपली मंडळी गोत्रीच्या बाजूस राहावयास आली, त्यांना समुद्र पाहावयाचा तर गाडीत बसल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यातून आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांचे मूळ कोकणात. दोन-तीन पिढ्या गुजरातेत गेल्या, मुले घरात गुजराती बोलू लागली, तरी नारळ-पोफळी आणि लाटांचा आवाज यांची ओढ काही सुटत नाही. तेव्हा नोकरीतून निवृत्त होताना भविष्यनिर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम हातात आली, किंवा शहरातील जुन्या वाड्याचा वाटा विकून पैसे आले, की घरात एक विचार निघतो : तिथलला, दमणला, नाहीतर अलिबाग-दापोलीकडे एखादे छोटे घर घेऊन ठेवावे, सुट्टीत आपण जावे आणि एरवी प्रवाशांना भाड्याने द्यावे. घर फुकटात पडेल, असे वर म्हटले जाते.

हे "फुकटात पडणे" कितपत खरे आहे, ते पाहावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे. हौसेने घर घेणाऱ्याला अडवण्याचा हेतू नाही. ज्याला हौस करावयाची आहे त्याने ती अवश्य करावी, परंतु हौस म्हणून करावी. तिला उत्पन्नाचे साधन समजून निवृत्तीची पुंजी तीत घातली, तर पुढे आजारपणात किंवा मुलीच्या लग्नात हात आखडता घ्यावा लागतो. भिंतीत घातलेला पैसा बँकेतल्या पैशासारखा चार दिवसांत काढता येत नाही, हे प्रथमच ध्यानात घ्यावे.

प्रथम अंतराचा विचार करू. बडोद्याहून वलसाड रेल्वेने सुमारे २०० किलोमीटर आहे, आणि वलसाड स्टेशनापासून तिथलचा काळ्या वाळूचा किनारा पाचएक किलोमीटरवर. पहाटेची गाडी धरली तर सकाळच्या चहाला माणूस तेथे पोचतो. दमणसाठी वापीला उतरावे लागते आणि पुढे दहा-बारा किलोमीटर जावे लागते. अलिबाग मात्र मुंबई ओलांडून पलीकडे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट नेणारी बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली तेव्हापासून मुंबईकरांची सोय झाली; बडोदेकरांना मुंबईपर्यंतचे जवळजवळ ४०० किलोमीटर आहेतच. दापोली, गुहागर त्याहून दूर. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून बडोद्याहून ओखा-एर्नाकुलम गाडीत बसले की सरळ रत्नागिरीला उतरता येते ही गोष्ट खरी, पण शनिवार-रविवारच्या सुट्टीत उरकण्याजोगा हा प्रवास नव्हे. अंतराचा संबंध केवळ दगदगीशी नाही, पैशाशीही आहे. पाण्याचा पंप बिघडला, नळ गळू लागला, पाहुण्याने कुलूप मोडले, की जवळच्या घरमालकाला शंभर-दोनशे रुपयांत काम भागवता येते. दूरच्या मालकाला एक तर स्वतः जावे लागते, नाहीतर तेथील माणूस सांगेल ती रक्कम मान्य करावी लागते. माझे स्पष्ट मत असे, की जे घर एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येत नाही ते भाड्याने देण्याच्या भरीस पडू नये. गोत्रीच्या माणसाला ही मर्यादा दमणपाशी संपते.

आता आकड्यांकडे वळू. खालील आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत; प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावे. समजा, वलसाडच्या बाजूला ४५ लाख रुपयांचे एक तयार घर आहे. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २,६५,५०० रुपये झाले. (खरेदीखत घरातील स्त्रीच्या एकटीच्या नावाने केल्यास गुजरातेत नोंदणी फी माफ आहे, येथे ४५ हजार वाचतात. पुष्कळांना हे ठाऊक नसते.) वकील, दप्तराचा शोध, नकला आणि जाण्यायेण्याचा खर्च ३४,५०० धरू. पलंग, गाद्या, वातानुकूलन यंत्रे, शीतकपाट, भांडीकुंडी, पडदे, पाण्याची टाकी आणि पंप यांस ६ लाख लागतीलच, कारण भाडे देणारा पाहुणा आपल्या घरातील जुन्या सतरंजीवर निजावयास येत नाही. एकूण ५४ लाख. म्हणजे ४५ लाखांचे घर म्हणून जे आपण शेजाऱ्याला सांगतो, ते राहण्याजोगे होईपर्यंत नऊ लाखांनी महाग झालेले असते. घर तयार नसून बांधकाम चालू असेल, तर वस्तू व सेवा कराचे ५ टक्के आणखी. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कापून प्राप्तिकर खात्यात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. ती विसरल्यास दंड-व्याज आपल्यालाच.

या ५४ लाखांपैकी ३० लाख कर्जाऊ घेतले, व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर दरमहाचा हप्ता २६,९९२ रुपये येतो; वर्षाला ३,२३,९०४. उरलेले २४ लाख स्वतःचे. ते बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १,६८,००० व्याज आले असते, ते आता येणार नाही. हा दुसरा आकडा लोक धरतच नाहीत. खिशातून गेलेला पैसा दिसतो, न आलेला दिसत नाही. पण हिशेबाला दोन्ही सारखेच.

घर चालू ठेवण्याचा खर्च पाहा. राखणदाराला महिना ६ हजार म्हणजे वर्षाला ७२,०००. सोसायटीची वर्गणी ३६,०००, वीज २४,०००, घरपट्टी व विमा मिळून १२,०००. दुरुस्ती-रंगकामासाठी घराच्या किमतीच्या एक टक्का म्हणजे ४५,००० बाजूस ठेवावे. बेरीज १,८९,००० झाली. यात कोठेही उधळपट्टी धरलेली नाही.

उत्पन्नाची बाजू लोक फार मोकळ्या हाताने लिहितात. "रोजचे साडेतीन हजार, महिन्याचे एक लाख पाच हजार" असा गुणाकार कागदावर होतो आणि घर घेण्याचे ठरते. पण वर्षातले कोणते दिवस भाड्याचे, ते पंचांग समोर ठेवून मोजावे. जून ते सप्टेंबर पाऊस. समुद्र खवळलेला आणि पाण्यात उतरण्यास मनाई. उरलेल्या आठ महिन्यांत शनिवार साधारण पस्तीस. त्यात दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातील काही दिवस मिळवा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, मधल्या वारी किनारा ओस. आणि ज्या दिवसांत पाहुणे येतात, नेमक्या त्याच दिवसांत आपल्याही मुलांना सुट्टी असते. दिवाळीत घर आपण वापरावे तर भाडे बुडते, आणि भाड्याने द्यावे तर घर घेतले कशाला, असा पेच दरवर्षी पडतो. सर्व धरून नवख्या मालकाने वर्षाला ६० रात्री धराव्यात. ६० रात्रींचे ३,५०० प्रमाणे २,१०,००० होतात. मोबाईलवरून पाहुणे मिळवून देणाऱ्या कंपनीचे दलाल-शुल्क १५ टक्के धरले तर ३१,५०० गेले. चादरी धुणे व साफसफाई रात्रीमागे ४०० प्रमाणे २४,००० गेले. हातात आले १,५४,५००.

म्हणजे चालू खर्चच १,८९,००० आणि उत्पन्न १,५४,५००. कर्जाचा हप्ता बाजूला ठेवला तरी ३४,५०० रुपयांची तूट आहे. तीत हप्ता आणि बुडालेले व्याज मिळवले तर ५,२६,४०४ होतात. हप्त्यातील मुद्दलाचा भाग, जो पहिल्या वर्षी सुमारे ५६ हजार असतो, तो आपल्याच मालकीत जातो म्हणून वजा करू. शिल्लक खर्च वर्षाला सुमारे ४ लाख ७० हजार. आता आपले कुटुंब वर्षात तीन वेळा, प्रत्येक वेळी चार दिवस, असे बारा दिवस तेथे राहिले असे धरा. एका दिवसाच्या मुक्कामाची किंमत ३९ हजार रुपयांहून अधिक पडली. त्याच किनाऱ्यावर तसलेच घर दुसऱ्याकडून साडेतीन हजारांत मिळत होते.

कोणी म्हणेल, आम्ही कर्ज काढणार नाही. ठीक. ५४ लाखांवरील ७ टक्के म्हणजे ३,७८,००० आणि तूट ३४,५००, मिळून ४,१२,५००. दिवसाला ३४ हजार. कोणी म्हणेल, ठेवीच्या व्याजावर कर बसतो तो धरला नाही. हा आक्षेप रास्त आहे, पण तो धरूनही चित्र पालटत नाही. आणखी कोणी म्हणेल, आम्ही मेहनत करू आणि १२० रात्री भरू. तसे झाले तर निव्वळ भाडे ३,०९,००० येईल आणि चालू खर्च भागून १,२०,००० उरतील. ५४ लाखांवर हे सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत, आणि त्यासाठी वर्षाचे १२० दिवस कोणाची ना कोणाची किल्ल्यांसाठी, गरम पाण्यासाठी, गाडी लावण्याच्या जागेसाठी फोनवर झोपमोड होणार.

मग लोक अशी घरे घेतात ती सर्वच चुकतात काय? तसे नाही. हिशेबाची एक बाजू अजून उरली आहे, ती म्हणजे भाववाढ. वरील पहिल्या उदाहरणात घराची किंमत दरवर्षी साडेदहा टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली, तर खर्च आणि वाढ समसमान होतात. जमिनीचा भाव काही ठिकाणी काही वर्षे असा वाढतोही. परंतु भाव चढतो तो जमिनीचा. वरची इमारत दरवर्षी जुनीच होत जाते. म्हणून इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील सदनिका आणि स्वतःच्या आवारातील लहान घर यांत किंमत सारखी असेल तर दुसरे पत्करावे. विकताना नफ्यावर कर आहे हेही ध्यानात ठेवावे : दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के, आणि महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची जुनी सवलत त्या तारखेनंतर घेतलेल्या घरांना नाही.

प्राप्तिकराबद्दल थोडक्यात. स्वतःच्या वापरातील दोन घरांवर काल्पनिक भाड्याचा कर बसत नाही, ही सवलत २०१९ च्या अंदाजपत्रकापासून आहे. पण घर भाड्याने दिले की भाडे उत्पन्नात आले. नव्या करपद्धतीत स्वतः वापरावयाच्या घराच्या कर्जाचे व्याज वजा मिळत नाही, आणि भाड्याच्या घरातील तोटा पगाराशी किंवा निवृत्तिवेतनाशी वळता करता येत नाही. "व्याजावर कर वाचेल" हे जे वाक्य विक्रेते सांगतात, ते आपल्या हिशेबनिसाला विचारल्याखेरीज खरे मानू नये.

खाऱ्या हवेचा विषय मात्र सविस्तर लिहिला पाहिजे, कारण बडोद्यात वाढलेल्या माणसाला तिची कल्पना नसते. आपल्याकडे घर बांधून दहा वर्षे झाली तरी खिडकीच्या गजांना एक हात रंग पुरतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत उतरत जातात आणि सळईपर्यंत पोचले की ती गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो; त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात, छताचे पोपडे पडतात. बाहेरून लावलेला गिलावा आणि रंग हा यावरचा इलाज नव्हे, तो केवळ झाकण आहे. म्हणून जुनी सदनिका पाहताना नवा रंग दिसला तर आनंद मानू नये. गच्चीच्या खालची बाजू, सज्जाच्या कडा आणि जिन्याखालचा भाग पाहावा. एखाद्या ठिकाणी ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज आला तर बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये. कोकणातले जुने लोक जांभ्या दगडाच्या भिंती आणि कौलांचे उतरते छप्पर करीत, त्यात सळईच नसे. ते सारे अडाणीपणाने करीत नव्हते.

लोखंडाची प्रत्येक वस्तू तेथे लवकर जाते : बिजागऱ्या, कड्या, पंख्याचे पाते, पंप, वातानुकूलन यंत्राचा बाहेर टांगलेला भाग. बिजागऱ्या पितळेच्या किंवा चांगल्या पोलादाच्या घालाव्या. आणि पावसाचे पाहा. बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलीमीटर पाऊस पडतो, वलसाडकडे सुमारे त्याच्या दुप्पट, दापोली-रत्नागिरीच्या पट्ट्यात ३,००० च्या वर. चार महिने घर बंद राहिले की गाद्यांना बुरशी, कपाटांना वाळवी आणि भिंतींना ओल. म्हणून पावसाळ्यातही दर आठवड्यास दारे-खिडक्या उघडणारे माणूस हवे. राखणदाराचा पगार वाचवावयास गेलेल्याच्या गाद्या जातात.

वादळांचे भय हे पुस्तकातले राहिलेले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कौले व पत्रे उडाले, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून वर सरकत दीव-ऊना भागात धडकले. घराचा विमा असतो. २०२१ च्या एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरीव विमापत्रिका सर्व कंपन्यांना द्यावी लागते आणि तीत वादळ-पूर येतात. मात्र घर प्रवाशांना भाड्याने दिले जाते, आणि ते काही काळ बंद असते, या दोन्ही गोष्टी विमा कंपनीला लेखी कळवाव्या. प्रसंग आल्यावर या मुद्द्यांवरच वाद होतात.

याहून मोठी जोखीम कागदांची आहे. समुद्रकिनाऱ्यावरील बांधकामासाठी केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी प्रथम नियम केले. २०११ मध्ये ते नव्याने आले आणि १८ जानेवारी २०१९ रोजी पुन्हा बदलले. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा, तसेच खाड्यांचे काठ, या नियमांखाली येतात. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास सर्वसाधारणपणे बंदी. दाट वस्तीच्या गावांसाठी २०१९ च्या नियमांत हे अंतर ५० मीटर झाले, पण त्या-त्या जिल्ह्याचा नवा किनारा-आराखडा मंजूर झाल्यानंतरच. "लाटा घरात ऐकू येतात" असे जाहिरातीत लिहिलेले घर म्हणजे पुष्कळदा वादातले घर. अलिबागजवळ किहीम येथे किनारा नियम मोडून उभारलेला एक प्रशस्त बंगला २०१९ च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. तो धनिकाचा होता म्हणून कोणाला वाईट वाटले नसेल. पण केरळातील मरडू येथे काय झाले ते पाहा. तेथील चार उंच इमारतींतल्या तीनशेहून अधिक सदनिका लोकांनी रीतसर पैसे मोजून घेतल्या होत्या, पंचायतीचा बांधकाम परवाना होता, कुटुंबे राहत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या मे महिन्यात त्या किनारा नियमांविरुद्ध ठरवल्या आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चारही इमारती स्फोटकांनी जमीनदोस्त झाल्या. सदनिकाधारकांना तात्पुरती भरपाई २५ लाखांपर्यंत मिळाली. स्थानिक परवाना आहे, तेव्हा सर्व ठीक आहे, असे त्यांनाही वाटले होते. तेव्हा विक्रेत्याकडून किनारा-व्यवस्थापन नकाशावर घराची जागा खूण करून मागावी, आणि ती देण्यास तो कांकू करील तर पुढे बोलू नये.

समुद्र स्वतःही हद्दी बदलतो. वलसाड जिल्ह्यात मोटी दांतीसारख्या गावांची जमीन समुद्राने खाल्लेली आहे. नकाशातील अंतर आज किती उरले आहे, हे गावच्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारल्यास तो काठीने दाखवतो.

जमीन घेऊन घर बांधू, असे म्हणणाऱ्यांसाठी. १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा जुन्या मुंबई राज्याचा. १ मे १९६० ला राज्य विभागले, तरी तो दोन्हीकडे चालू राहिला. जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून "सध्या शेती आहे, पुढे बिनशेती करून देतो" या आश्वासनावर एक पैसाही देऊ नये; बिनशेतीचा आदेश आधी, इसार मागून. कोकणातील सातबारा पाहावयास घेतला की त्यात दहा-पंधरा नावे आढळतात : कोणी मुंबईस, कोणी परदेशी, कोणी वारलेले आणि वारस लागलेले नाहीत. १९४९ मध्ये खोती गेली, पण कुळांच्या नोंदी आणि सामाईक वहिवाटी राहिल्या. एकाने सही केली म्हणून सर्वांचा हक्क आपल्याकडे येत नाही. गेल्या तीस वर्षांच्या फेरफारांचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि घरापर्यंतचा रस्ता कोणाच्या जमिनीतून जातो ते पाहावे. दमण-गोव्याच्या बाजूला पोर्तुगीज काळातील नागरी कायदा अजून लागू आहे. तो ज्यांना लागू आहे त्या विक्रेत्याच्या पत्नीचीही सही खरेदीखतावर लागते. तयार प्रकल्पातील घर असेल तर २०१७ पासून चालू असलेल्या स्थावर संपदा प्राधिकरणात त्याची नोंद आहे की नाही, हे पाच मिनिटांत पाहता येते.

भाड्याने देण्याचेही नियम असतात. सोसायटीचा पोटनियम रोजच्या पाहुण्यांना मनाई करतो काय, ते पैसे देण्यापूर्वी वाचावे. सरकारी न्याहारी-निवास योजना किंवा किनारा नियमांतील घरगुती निवासाची सवलत या मुख्यतः तेथेच राहणाऱ्या स्थानिक कुटुंबांसाठी आहेत. गोत्रीत राहून तिथलला खोल्या देणाऱ्यास त्या लागू पडतीलच असे धरून चालू नये. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. आणि गुजरातेतल्या घरमालकाला आणखी एक काळजी आहे जी कोकणातल्याला नाही. दमण तासाभराच्या अंतरावर; तेथून पाहुणा सोबत काय घेऊन येतो ते आपण पाहावयास नसतो, आणि धाड पडली तर घराचे नाव आपले. हे भाडेपत्रात आणि भिंतीवरच्या पाटीवर स्वच्छ लिहून ठेवावे.

राखणदाराशी लेखी करार असावा. २०१२ साली गोव्यातील एका घराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की राखणदार कितीही वर्षे राहिला तरी त्याला मालकी मिळत नाही. निर्वाळा उत्तम, पण तेथवर पोचावयास लागणारी वर्षे आणि पैसे वाचवावयाचे तर कागद पहिल्याच दिवशी करावा, आणि पगार बँकेतून द्यावा. त्याच्याशी वागणूकही घरच्यासारखी ठेवावी, कारण आपले घर सुरक्षित राहते ते त्याच्याच जिवावर.

एकट्याला झेपत नाही म्हणून तीन भावांनी मिळून घर घ्यावे, ही सूचना आपल्याकडे वारंवार निघते. वर दिलेल्या हिशेबात हीच सूचना त्यातल्या त्यात शहाणपणाची आहे, कारण खर्च तिघांत वाटला जातो आणि वापर तिप्पट होतो. पण भावाभावांत कागद कशाला, असे म्हणून घर घेतले जाते आणि दहा वर्षांनी एकाचा मुलगा परदेशी स्थायिक होतो, त्याला पैसे मोकळे करावयाचे असतात. दुसऱ्याने रंगकामाचे पैसे दिलेले नसतात. तिसऱ्याची सून म्हणते, मे महिना नेहमी तुमचाच का. एक घर तिघांत कापून वाटता येत नाही. १८९३ च्या विभाजन कायद्यानुसार अशा वेळी न्यायालय घर विकून पैसे वाटण्याचा हुकूम देऊ शकते, म्हणजे आईच्या नावाची पाटी लावलेले घर लिलावात. म्हणून खरेदीच्याच दिवशी चार गोष्टी लिहून सह्या कराव्या : दरवर्षी प्रत्येकाने किती भरावयाचे, मे आणि दिवाळीचे आठवडे आळीपाळीने कसे घ्यावयाचे, बाहेर पडणाऱ्याचा वाटा प्रथम इतर भावांनाच द्यावयाचा, आणि त्याची किंमत नोंदणीकृत मूल्यमापकाने ठरवावयाची. बहिणींना यात घेण्याचे बहुधा कोणाच्या मनात येत नाही. ते यावे.

ज्यांचे कोकणात जुने घर पडके का होईना, पण उभे आहे, त्यांनी नवे घेण्यापूर्वी त्याच्या छपराचा खर्च काढून पाहावा. चुलतभावांशी बोलणे करण्याची कटकट आहे. पण तेथे जमिनीचे पैसे पडत नाहीत, वासे आणि कौले बदलून, न्हाणीघर नवे करून जे घर तयार होते त्यात दरवर्षी राहण्याचा हक्क आजही आपलाच असतो. आणि ज्यांचे तेही नाही, त्यांनी वर्षाकाठी लाखभर रुपये सुट्टीच्या नावाने बाजूस काढले, तर बारा दिवस दरवर्षी वेगळ्या किनाऱ्यावर, कधी तिथल तर कधी गणपतीपुळे, असे राहून रेल्वेभाडेही सुटते. ५४ लाख बँकेतच राहतात.

एवढे वाचूनही ज्यांचा बेत कायम राहील, त्यांनी घर एकदा मे महिन्यात पाहिले असेल तर दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भर भरतीच्या वेळी पाहावे. एक रात्र तेथे राहावे. पाणी कोठवर येते, वीज किती वेळ जाते, विहिरीचे पाणी खारट लागते काय, रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते काय, आणि शेजारच्या बंद घराच्या भिंती कशा दिसतात, हे पाहून मगच बयाण्याचा धनादेश लिहावा.